दोन सार्वमतं, एक पेन्सिल: स्कॉटलंड, ब्रेक्झिट आणि पक्षांच्या कोलांटउड्या

लीथचा_पाटील (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की ब्रेक्झिट म्हणजे गोऱ्या म्हाताऱ्यांचा वेडेपणा आणि स्कॉटलंडचं स्वातंत्र्य म्हणजे एसएनपीचं (स्कॉटिश नॅशनल पार्टी, स्वातंत्र्य मागणारा पक्ष) नाटक. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी २०११ ला वर्क व्हिसावर एडिनबराला आलो. काही महिन्यांत काउन्सिलचं पाकीट आलं, घरात कोण कोण राहतं ते मतदार यादीसाठी भरून पाठवा. मला वाटलं चुकून आलंय, बाजूला ठेवून दिलं. ऑफिसात बोलता बोलता विषय निघाला तर एक जण म्हणाला, चुकून नाही रे, तू कॉमनवेल्थवाला, तुला मत आहे, अगदी लंडनच्या पार्लमेंटचं पण. समोरच आमचा जर्मन सहकारी बसलेला, पंधरा वर्षं इथे टॅक्स भरतोय, त्याला पार्लमेंटचं मत नाही आणि मी परवा आलेला तर मला आहे. त्याचा चेहरा अजून आठवतो.

तर १८ सप्टेंबर २०१४. आमचं केंद्र म्हणजे प्रायमरी शाळेचा हॉल, पोरांच्या त्या गुडघ्याएवढ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. बाईंनी नाव-पत्ता विचारला, पट्टीने रेघ मारली, झालं. ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. प्रश्न एकच, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का, हो किंवा नाही. तीनशे वर्षांची युती ठेवायची की मोडायची ते दोरीच्या पेन्सिलीने ठरवायचं आणि ते ठरवणाऱ्यांत मी, सातारा जिल्ह्यातला. माझ्या पुढे रांगेत शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी होती, कारण त्या वेळी १६ वर्षांपासून मत दिलं होतं.

मी 'नाही'वर फुली मारली. खरं सांगतो, भीतीने मारली. घर नुकतंच घेतलेलं, बँका म्हणतायत आम्ही मुख्यालय लंडनला हलवू, ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न म्हणतायत पाउंड वाटून मिळणार नाही, आणि युरोपियन कमिशनचे अध्यक्ष बारोसो टीव्हीवर सांगून गेलेले की स्वतंत्र स्कॉटलंडला युरोपात यायला अत्यंत अवघड, जवळपास अशक्य. 'नाही'वाल्यांचं सगळ्यात जड माप हेच होतं की युरोपात राहायचंय तर ब्रिटनमध्ये राहा. निकाल ५५-४५, मतदान ८४.६ टक्के.

मग २१ महिन्यांनी २३ जून २०१६, ब्रेक्झिटचं सार्वमत. तोच हॉल, त्याच खुर्च्या, तीच पेन्सिल. या वेळी १६-१७ वाल्या पोरांना मत नाही. माझ्या जर्मन मित्राला २०१४ ला होतं, स्कॉटलंड फोडायचं का हे तो ठरवू शकत होता, पण ब्रिटनने युरोपात राहायचं का, ज्यात त्याचं स्वतःचं राहणं अडकलेलं, त्यावर त्याला मत नाही. मला दोन्ही वेळा. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के 'राहू', ३२ च्या ३२ काउन्सिल भागांत. आणि तरी बाहेर. ज्या कारणासाठी मी पहिली फुली मारली तेच कारण दुसऱ्या निकालाने पळवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन्ही भानगडी मुळात पक्षांनी आपल्या घरातली भांडणं मिटवायला अंगावर घेतल्या. पंतप्रधान कॅमरनने जानेवारी २०१३ मध्ये युरोपवर सार्वमताचं वचन दिलं ते त्याच्याच खासदारांचा बॅकबेंचवर आरडाओरडा चालू होता आणि यूकिप (युरोपातून बाहेर पडा म्हणणारा पक्ष) मतं खात होती म्हणून. त्याच्या आधीचं १९७५ चं सार्वमत तर मजूर पक्ष फुटू नये म्हणून पंतप्रधान विल्सनने काढलेली पळवाटच होती. आणि तत्त्वाचं म्हणाल तर गेल्या पन्नास वर्षांत युरोपबद्दल मोठ्या पक्षांपैकी बहुतेकांनी कूस बदललीय. लिबरल तेवढे जागेवर.

खट्याळ_खारूताई

पॉपकॉर्न घेऊन बसलेय 🍿

चिंतामणी_काका

पाटील, 'मजूर पक्ष' वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी पेपरात हुजूर आणि मजूर असंच यायचं, हल्ली सगळे टोरी आणि लेबर लिहितात.

कोलांटउड्यांबद्दल थोडी भर. १९७५ ला युरोपात राहायच्या बाजूने प्रचार करताना हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर बाईंनी चक्क सगळ्या सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घातला होता, फोटो शोधा, सापडेल. त्याच बाईंनी सप्टेंबर १९८८ ला बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये भाषण करून ब्रसेल्सवर, म्हणजे युरोपच्या कारभारावर, तोफ डागली. तिकडे मजूर पक्ष १९८३ च्या जाहीरनाम्यात युरोपातून बाहेर पडू म्हणत होता. मग १९८८ लाच युरोपियन कमिशनचे अध्यक्ष जाक देलोर येऊन कामगार संघटनांच्या अधिवेशनात बोलले, युरोपात कामगारांचे हक्क जपले जातील वगैरे, आणि थॅचरबाईंच्या माराने अर्धमेल्या झालेल्या संघटनांना एकदम युरोप माहेर वाटायला लागलं. म्हणजे दोन्ही पक्ष एकमेकांच्या जागेवर जाऊन बसले, संगीतखुर्चीसारखे. तुमच्या एसएनपीने पण १९७५ ला 'नाही' म्हणूनच प्रचार केला होता, 'युरोपातलं स्वातंत्र्य' ही घोषणा त्यांनी १९८८ ला घेतली.

आणि एक किस्सा राहवत नाही म्हणून. मार्च १९७९. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का यावर सार्वमत झालं, ५१.६ टक्के हो म्हणाले. पण कायद्यात पाचर मारून ठेवलेली की एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी हो म्हटलं पाहिजे. जे घरी बसले ते सगळे नाहीत जमा. बारगळलं. एसएनपीवाले चिडले आणि मजूर सरकारविरुद्धच्या अविश्वास ठरावात हुजूर पक्षाबरोबर गेले. ३११ विरुद्ध ३१०! एका मताने मजूर पक्षाचे पंतप्रधान कॅलहॅन पडले. मजूर पक्षाचा एक खासदार मरणपंथाला लागलेला होता, त्याला अॅम्ब्युलन्समधून आणायचं का यावर खल झाला आणि शेवटी आणलं नाही. कॅलहॅन एसएनपीला उद्देशून म्हणाले होते की ख्रिसमस लवकर यावा म्हणून टर्की कोंबड्यांनी मत दिल्याचं पहिल्यांदाच बघतोय. तसंच झालं, निवडणुकीत एसएनपी ११ वरून २ वर आली आणि स्कॉटलंडच्या बोकांडी थॅचरबाई १८ वर्षं, म्हणजे त्या आणि मग मेजर. आपल्याकडे १९९९ ला वाजपेयी एका मताने पडले तेव्हा मला हेच आठवलं होतं.

ग्लासगोवाली

काका _/\_ तो ४० टक्क्यांचा किस्सा इथे साठीच्या पुढच्या माणसांना अजून सांगायला लागत नाही, ती स्वतःच सांगतात.

पाटील, मी पण २०१४ ला मत दिलं, माझं 'हो'. ग्लासगोत 'हो' जिंकलं होतं हे विसरू नका, डंडीत तर ५७ टक्के. मी पीएचडी करत होते, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात तीन मजले 'येस'चे निळे स्टिकर आणि तळमजल्यावर एक आजी 'नो थँक्स'वाली. त्या आजी रोज माझ्याशी वाद घालायच्या आणि रोज शॉर्टब्रेड द्यायच्या. निकालाच्या सकाळी मी जिन्यात भेटले तर त्या जिंकलेल्या होत्या पण रडत होत्या, म्हणाल्या माझा नातू माझ्याशी बोलत नाहीये.

तुम्ही भीतीने मत दिलंत हे कबूल केलंत ते आवडलं, कारण तो सगळा प्रचारच भीतीचा होता. मग आठ वर्षांनी बघा, नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय होलीरूडला, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेला, सार्वमताचा कायदा करताच येणार नाही. म्हणजे घटस्फोट मागायला नवऱ्याची परवानगी. ब्रिटनला युरोपातून निघायला मात्र कोणाची परवानगी लागली नाही, युरोपियन युनियनच्या कराराच्या कलम ५० खाली एक पत्र पाठवलं की झालं. मग नक्की कुठली युती जास्त जाचक म्हणायची?

तर्कट_तात्या

याच न्यायाने मग आपल्याकडे काश्मी

संपादक

तात्यांचा प्रतिसाद अर्धा ठेवलाय. धाग्याचं काश्मीर करू नये. विषय ब्रिटनचा आहे, तिथेच राहू द्या.

तर्कट_तात्या

णिषेध!

आकडेबहाद्दर

भावना राहू दे बाजूला, आकडे घ्या. २०१५ ची ब्रिटनची निवडणूक: एसएनपीला साधारण साडेचौदा लाख मतं, ५९ पैकी ५६ जागा. यूकिपला ३९ लाखांच्या आसपास मतं, जागा १. एक! मग यूकिपचा मतदार चिडणार नाही तर काय. त्याला वर्षभरात अशी मतपत्रिका मिळाली जिथे प्रत्येक मत मोजलं जाणार होतं, त्याने सगळा राग तिथे काढला. ब्रेक्झिटचं खापर लोक 'बाहेर पडू'वाल्यांच्या बसवरच्या जाहिरातीवर आणि फेसबुकवर फोडतात, माझ्या मते त्यांच्या निवडणूक पद्धतीवर पण थोडं फोडायला हवं.

उलटं २०२४. एसएनपीला स्कॉटलंडमध्ये ३० टक्के मतं आणि जागा ५७ पैकी फक्त ९, लेबरला ३५ टक्के आणि जागा ३७. लगेच पेपरांत 'स्वातंत्र्याचं स्वप्न संपलं'. अरे पण चाचण्यांमध्ये स्वातंत्र्याला पाठिंबा तेव्हाही पंचेचाळीस-पन्नासच्या आसपासच होता. पक्ष कोसळला, मागणी आहे तिथेच आहे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ना एसएनपीला कळत ना त्यांच्या विरोधकांना.

बर्मिंगहॅमची_सून

नेहमी वाचनमात्र असते पण आज लिहिते. मी 'बाहेर पडू'ला मत दिलं. मी गोरी नाही, म्हातारी नाही (तेव्हा तरी नव्हते) आणि वेडी पण नाही. आणि आमच्या शहरात आम्हीच जिंकलो, ५०.४ टक्क्यांनी का होईना.

माझं कारण ऐका. माझी नणंद इथे जन्मलेली, इथली नागरिक. तिचं लग्न ठरलं नाशिकच्या मुलाशी. २०१२ पासून नियम आला होता की नवऱ्याला आणायचं तर वर्षाला १८,६०० पाउंड कमाई दाखवा. ती केअर होममध्ये पार्ट टाइम करायची, कुठून दाखवणार? दीड वर्ष ती दोन नोकऱ्या करत होती, रात्री अकराला घरी यायची, पगाराच्या स्लिपा बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायची आणि दर महिन्याला डायनिंग टेबलवर मांडून बेरीज करायची. त्याच वेळी शेजारचा युरोपातला मुलगा, चांगला मुलगा आहे, त्याच्याशी काही भांडण नाही, पण तो आपल्या बायकोला विमानाचं तिकीट काढून घेऊन आला. ना स्लिपा ना बेरीज. हे बघून मला कोणी युरोपच्या मुक्त संचाराचं कौतुक सांगायला लागलं की डोकं फिरायचं.

प्रचारात तर प्रीती पटेल वगैरे सांगत होत्या की बाहेर पडलो की आपल्याकडचे आचारी आणता येतील, करी हाउस वाचवा म्हणून मोहीमच होती. आचारी काही त्या मानाने आले नाहीत ते सोडा. आणि ती १८,६०० ची अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० झाली. कोणी केली? ज्यांना आम्ही विश्वासाने मत दिलं त्यांनीच. तेव्हा पाटील, पक्षांबद्दल तुम्ही लिहिलंय ते पटलं. पण मत चुकलं असं अजून म्हणवत नाही मला.

लीथचा_पाटील

ताई, हा प्रतिसाद लिहिलात ते फार बरं केलंत, बिस्किटाचा डबा डोळ्यासमोर आला. माझ्या मुक्त संचाराच्या कौतुकात हे कधी आलंच नाही कारण मी कंपनीच्या व्हिसावर बायकोला घेऊनच आलो होतो.

गंमत म्हणजे लोकांना बाहेरून येणारे कमी हवे होते, आणि नंतर जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेलं. बहुतेक सगळे युरोपाबाहेरचे, त्यात भारतीय सगळ्यात पुढे. म्हणजे पोलंडचा प्लंबर नको म्हणून मत दिलं आणि आली आमच्या पिंपरी-चिंचवडची पोरं मास्टर्सला.

मडगांवकार_स्विंडन

देव बरें करूं. आमची गोष्ट सांगतो, पाटलांच्या त्या जर्मन मित्रासारखीच पण जरा जास्त विनोदी.

माझा बाबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मला, म्हणजे पोर्तुगालच्या राज्यात. त्यामुळे आम्हा भावंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता आलं. मी कधी लिस्बन बघितलं नाही, पोर्तुगीज भाषा 'ओब्रिगाद'च्या पुढे येत नाही. पासपोर्ट घेतला तो सरळ इंग्लंडला यायला. स्विंडनमध्ये आमचे गोंयकार इतके की चर्चात कोंकणी मिस (प्रार्थना) होते, दुकानात गोव्याचं व्हिनेगर आणि चोरीस मिळतं. वेअरहाऊसमध्ये नाइट शिफ्टला अर्धी लाइन सासष्टीची.

२०१६ ला काय झालं बघा. माझ्या शिफ्टला एक कोल्हापूरचा पोरगा, भारतीय पासपोर्ट, बायकोच्या स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेला, येऊन वर्ष झालं नव्हतं. त्याला मत! मी नऊ वर्षं इथे, मला नाय. कारण मी भारतीय नागरिकत्व सोडून पोर्तुगीज झालो ना, म्हणजे कॉमनवेल्थमधून बाहेर. माल्टा, सायप्रस, आयर्लंडवाल्यांना पण होतं, ते युरोपात असून. त्या पोराने मला ब्रेकमध्ये विचारलं, भाऊ कशावर फुली मारू, मला काय कळत नाय. मी म्हटलं बाबा, माझी पण फुली तूच मार, 'राहू'वर मार. मारली की नाय देव जाणे. स्विंडन ५४.७ टक्के 'बाहेर'.

मग २०२१ च्या जूनपर्यंत सेटल्ड स्टेटसचे (युरोपवाल्यांना इथे राहायचा हक्क टिकवायचे) अर्ज भरायची धावपळ. फोनवर पासपोर्ट स्कॅन करायचा, आमच्या काही आंटींचा चेहराच त्या ॲपला पटेना, तीन-तीन वेळा खिडकीकडे तोंड करून उभ्या. माझं झालं, भावाचं झालं. चुलतभाऊ मात्र पासपोर्ट हातात घेऊन मडगांवातच राहिला, आता त्या पासपोर्टवर इथे येऊन कामाला लागता येत नाय. तिकडे भारतीय नागरिकत्व पण गेलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

सार्वमताची भीती आम्हांला नाय हां. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला झालंय, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. ५४ टक्के 'दोन पानां' (वेगळं राहू) आणि ४३ टक्के 'फूल' (महाराष्ट्रात जाऊ). घराघरांत भांडणं झाली, माझ्या दोन मावश्या वर्षभर बोलत नव्हत्या. पण तिथे निदान ज्याचं घर त्यालाच मत होतं.

खट्याळ_खारूताई

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. मडगांवकार, यावर वेगळा धागा काढाच.

आकडेबहाद्दर

मडगांवकार +१. ग्लासगोवाली, एक शंका. ब्रिटन युरोपातून निघाल्यावर आयर्लंडच्या सीमेचं काय करायचं यात ह्यांची चार-पाच वर्षं गेली, शेवटी उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटनच्या मध्ये समुद्रातच तपासणी आली. उद्या स्कॉटलंड स्वतंत्र होऊन युरोपात गेला तर इंग्लंडच्या सीमेवर ग्रेट्नाला आणि बेरिकला तपासनाके येणार. स्कॉटलंड बाहेर जे विकतो त्यातलं सुमारे साठ टक्के बाकीच्या ब्रिटनमध्येच जातं. ब्रेक्झिटवाल्यांना तुम्ही जे ऐकवता, की शेजारची सगळ्यात मोठी बाजारपेठ सोडून कुठे निघालात, तेच तुम्हाला लागू होत नाही का? शिवाय तेल. २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१५ ला पन्नासच्या खाली. 'हो' जिंकलं असतं तर पहिल्याच बजेटला बोंब.

ग्लासगोवाली

होतं लागू, नाही कशाला म्हणू. २०१४ ला हा प्रश्नच नव्हता कारण दोघंही युरोपातच राहणार होते, ब्रेक्झिटने स्वातंत्र्याचं कारण पक्कं केलं आणि वाट अवघड केली, दोन्ही एकदम. माझ्या त्या तळमजल्यावरच्या आजी म्हणायच्या, मला इंग्लंड आवडत नाही गं पण माझी मुलगी लीड्सला राहते. याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

पण एक गोष्ट तुम्ही आकड्यांत पकडत नाही. युरोपात असताना इथल्या युनिव्हर्सिटीत स्कॉटिश पोरांना फी माफ, आणि युरोपच्या नियमामुळे पोलंड-ग्रीसच्या पोरांनाही माफ. इंग्लंडच्या पोरांना मात्र नऊ हजार पाउंड! कारण भेदभाव करायला बंदी ती दोन देशांमध्ये, एकाच देशाच्या आतल्या आत चालतो. माझ्या लॅबमध्ये न्यूकॅसलचा मुलगा कर्जात आणि अथेन्सचा फुकटात शेजारी शेजारी बसायचे. (आणि मी? माझी स्कॉलरशिप होती, नाहीतर आपल्याला दोघांच्या वर.) तो न्यूकॅसलवाला २०१६ ला 'बाहेर' म्हणाला, मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

चिंतामणी_काका

बाकी २०२३ मध्ये लंडनला पंतप्रधान सुनक आणि एडिनबराला फर्स्ट मिनिस्टर (स्कॉटलंडचे मुख्यमंत्रीच म्हणा) हमझा युसूफ, दोघांचीही मुळं फाळणीपूर्वीच्या पंजाबातली, आणि विषय काय तर ब्रिटनची फाळणी. आमचे वडील बघायला हवे होते, बेचाळीसला तुरुंगात होते.

नवखी_नागपूरकर

सगळं वाचलं, भारी धागा. एक प्रॅक्टिकल प्रश्न, अवांतर असेल तर सॉरी. माझा भाचा डंडीला शिकायला गेलाय, स्टुडंट व्हिसा. त्याला पण काउन्सिलचं पत्र आलंय आणि तो म्हणतो मावशी हा स्कॅम आहे. खरंच मत आहे का त्याला?

लीथचा_पाटील

स्कॅम नाही, त्याला सांगा फेकू नको म्हणून. १६ पूर्ण असेल तर होलीरूड आणि काउन्सिलला मत, १८ झाल्यावर वेस्टमिन्स्टरला (लंडनच्या पार्लमेंटला) पण. होलीरूडला तर २०२० च्या कायद्यापासून कुठल्याही देशाचा असो, राहण्याचा परवाना असला की मत देता येतं. ऑनलाइन नाव घालायला दहा मिनिटं लागतात, क्रेडिट स्कोअरला पण फायदा होतो. वेस्टमिन्स्टरला आता फोटो ओळखपत्र लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो, कॉमनवेल्थचा आहे म्हणून. होलीरूडला अजून काहीच लागत नाही, नाव-पत्ता सांगायचा. पेन्सिल तिथेच असते. ती बघून घाबरू नको म्हणावं, आपलं पेन नेलं तरी चालतं. २०१६ ला काही लोक मतं खोडतील या भीतीने घरून पेनं घेऊन आले होते.

मडगांवकार_स्विंडन

पोर्तुगीज पासपोर्ट पण ओळखपत्र म्हणून चालतो हां, यादीत आहे, मी बघितलं. ओळख पटते आमची. वेस्टमिन्स्टरला फक्त मत नाय.